फुकटाचा जमाखर्च

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडला की मोडेम किरकिरू लागे, घरचा फोन अडून राही, आणि एखादे छायाचित्र वरून खाली ओळीओळीने उमटत जाई. तासांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. तरीही माझ्या वयाचे अनेकजण त्या दिवसांविषयी हळवे होऊन बोलतात. हा हळवेपणा केवळ गेलेल्या वयाचा, की त्यात व्यवहाराचेही काही तथ्य आहे, हे जमाखर्चाच्या नजरेने तपासण्यासारखे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुले केले. ना परवाना, ना शुल्क. त्यामुळे ज्याला जे ठाऊक होते, ते त्याने जगापुढे मांडून ठेवले. ‘जिओसिटीज’वर सामान्य माणसांनी आपापल्या छंदांची पाने बांधली. १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने ‘मायबोली’ सुरू झाली. अशा बहुतेक पानांमागे नफ्यापेक्षा हौस अधिक होती. वाचक किती वेळ थांबला, याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

नावेची बाजूही तेव्हाच लिहिली जाऊ लागली होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पट्टीच्या जाहिराती झळकल्या. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ तयार केली. गिऱ्हाइकाने टोपलीत काय ठेवले ते संकेतस्थळाच्या लक्षात राहावे, अशा साध्या सोयीची ती युक्ती होती. पुढे जाहिरातदारांनी तिचा उपयोग माणसाच्या मागावर राहण्यासाठी केला. जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशारा गूगलच्या संस्थापकांनीच १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात दिला होता. २००० मध्ये त्यांनीही जाहिरातीचाच मार्ग धरला.

व्यापारी माणसाला यातील मर्म लगेच कळेल. दुकानात जो पैसे मोजतो, त्याचा शब्द चालतो. आज वेबवर पैसे जाहिरातदार मोजतो. आपले लक्ष आणि आपल्या आवडीनिवडी हा तेथील माल असतो. पूर्वी पैसे देऊन वाचत होतो, आता फुकट वाचतो, एवढ्यावरून खर्च कमी झाला असे म्हणता येत नाही. तो फक्त दुसऱ्या खात्यावर पडतो.

मात्र जुन्याची एकतर्फी स्तुतीही न्याय्य नाही. तेव्हाचे इंटरनेट मोजक्या लोकांचे होते. मराठी वर्तमानपत्र वाचायचे तर अनेकदा त्याचा स्वतंत्र फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. आज खेड्यातला किराणा दुकानदार देवनागरीत संदेश लिहितो आणि २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे क्षणात रक्कम स्वीकारतो. हा लाभ लहान नाही.

प्रश्न आहे तो मालकीचा. आपल्या अनेक पेढ्यांची आजची ओळख समाजमाध्यमावरील एका पानापुरती उरली आहे. ती जागा परक्याची, नियमही त्याचेच. याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतली आणि २००९ मध्ये ती बंद केली. अनेकांची वर्षानुवर्षांची पाने त्यासोबत गेली. परक्याच्या ओट्यावर बसून धंदा जरूर करावा, पण वही आपल्या घरी असावी. पेढीच्या नावाचा स्वतःचा पत्ता वेबवर नोंदवावा. त्याचे वार्षिक शुल्क बहुधा एका दिवाळीच्या मिठाईहून अधिक नसते. तो मुलाच्या मित्राच्या नावे नव्हे, पेढीच्याच नावे नोंदवावा. गिऱ्हाइकांची यादी, मालाची छायाचित्रे आणि जुना पत्रव्यवहार यांची प्रत आपल्यापाशी ठेवावी. नव्या पिढीकडे कारभार सोपवताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर या गोष्टीही हाती द्याव्यात.