द्राक्षमळ्यांतील मोकळ्या वाटा

बँकेच्या सेवेत छत्तीस वर्षे घालविलेल्या माणसाला एक खोड जडते. शेत दिसले की त्याला पिकाआधी उतारा आठवतो, मग चतुःसीमा, आणि शेवटी तारण म्हणून त्याचे मूल्य. निवृत्तीनंतरही ही खोड माझ्या अंगातून गेली नव्हती. ती थोडीफार सुटली ती परदेशात, आणि तीही पहाटे धावताना.

आमची धाकटी कन्या फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, दिजाँ शहरी, संशोधनाचे काम करते. गेल्या वर्षी मे-जून महिन्यांत सहा आठवडे तिच्याकडे राहण्याचा योग आला. निवृत्तीनंतर रक्तातील साखर वाढली, तेव्हापासून सकाळी मंद गतीने धावण्याचा माझा नेम आहे. धावणे म्हणायचे ते केवळ सोयीसाठी. शेजारून एखादी तरतरीत आजीबाई चालत गेली तर ती मला सहज मागे टाकेल. परंतु नेम चुकवायचा नाही, हा माझा हट्ट. कन्या म्हणाली, “पप्पा, येथे बागेत गोल गोल फिरण्यापेक्षा द्राक्षमळ्यांत धावा.” त्या एका वाक्याने सहा आठवडे सार्थकी लागले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. द्राक्षांपासून तेथे जे तयार होते ते आपल्या घरांत वर्ज्य आहे. त्याच देशातील बोर्दो परिसरात, मेदोक येथे, १९८५ पासून मळ्यांमधून एक मॅरेथॉन होते आणि त्यात धावकांना वाटेवर मद्याचे पेले दिले जातात. त्या प्रकाराविषयी मला येथे लिहावयाचे नाही. वेलींमधील वाट, पहाटेची शांतता आणि पायांखालची जमीन यांचा आनंद घेण्यास पेल्याची मुळीच आवश्यकता नसते.

दिजाँपासून दक्षिणेकडे सांतने गावापर्यंत सुमारे ६० किलोमीटर लांबीची एक अरुंद, उतरती टेकडपट्टी आहे. तिचे तोंड पूर्वेकडे असल्याने सूर्योदयाचे पहिले ऊन थेट वेलींवर पडते. आपल्या तासगाव-सांगलीकडे वेल मांडवावर चढविलेली असते आणि माणूस तिच्या सावलीतून चालतो. तेथे वेल कमरेइतकी बुटकी, रांगा जेमतेम एक मीटर अंतरावर, आणि एका हेक्टरात सुमारे १०,००० वेली. त्यामुळे धावणाऱ्याची दृष्टी कोठेही अडत नाही. एका गावातून निघताना पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसत असतो. धावकाला याहून चांगली खूण कोणती हवी? या पट्टीला समांतर रेल्वेमार्ग जातो. म्हणून एका स्थानकावर उतरावे, मळ्यांतून धावावे आणि पुढच्या स्थानकावरून परतावे, अशी उत्तम सोय आहे.

नवशिक्यांनी बोन या गावापासून प्रारंभ करावा. दिजाँहून आगगाडीने साधारण अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. तटबंदीने वेढलेल्या या गावात १४४३ मध्ये निकोला रोलाँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालाँ यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. त्याचे रंगीत कौलांचे छप्पर जगप्रसिद्ध आहे. मला अधिक कौतुक वाटले ते त्याच्या अर्थव्यवस्थेचे. शतकानुशतके दात्यांनी या संस्थेला मळे दान दिले आणि त्या मळ्यांच्या उत्पन्नाचा, १८५९ पासून नोव्हेंबरात होणारा लिलाव आजही चालू आहे. दानाचा पैसा खर्चून न टाकता उत्पन्न देणारी मालमत्ता राखावी, हे तत्त्व आपल्या धर्मादाय संस्था चालविणाऱ्यांना नव्याने सांगावयास नको.

गावाच्या नैऋत्येस ‘व्हुआ दे व्हीन्य’, म्हणजे वेलींची वाट, सुरू होते. ही सुमारे २२ किलोमीटरची वाट सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी आहे. ती पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे या गावांवरून सांतनेपर्यंत जाते. पोमारपर्यंत जाऊन परत येणे सात-आठ किलोमीटरचे होते आणि चढ सोसण्याजोगा आहे. दम अधिक असेल तर मर्सोपर्यंत सुमारे १० किलोमीटर धावून आगगाडीने परतावे. मात्र तेथील स्थानक गावाबाहेर, पूर्वेच्या सपाटीवर आहे, हे ध्यानात ठेवावे. नाव जोडण्याची तेथील एक रीत व्यापारी वाचकांना गमतीची वाटेल. ‘मोंराशे’ हे मुळात एका मळ्याचे नाव. त्या मळ्याची कीर्ती इतकी की प्युलिन्यी गावाने १८७९ मध्ये ते नाव आपल्या नावाला जोडून घेतले. पेढीच्या नावाने गाव ओळखले जावे, असाच हा प्रकार.

रोज धावता धावता एक गोष्ट माझ्या पायांना कळू लागली. खालची सपाटी जड मातीची. तेथे पाऊस पडून गेला की चिखल बुटाला धरून बसतो. मधल्या सौम्य उतारावर पाणी निथळून जाते आणि बुटाखाली चुनखडीचे खडे करकरतात. आणखी वर चढ उभा होतो, माती विरळ होते आणि माथ्यावर वनराई लागते. सर्वांत मौल्यवान मळे प्रायः त्या मधल्या पट्ट्यात आहेत. म्हणजे जेथे धावकाचा श्वास किंचित वाढतो पण पाय रुततही नाही आणि घसरतही नाही, तेथेच जमिनीचे मोल अधिक. आयुष्यभर मूल्यांकनाचे अहवाल वाचले. जमिनीची प्रत पायांनी वाचण्याचा हा पहिलाच प्रसंग. येथील मळ्यांचे १,२४७ तुकडे स्वतंत्र नावांनी ओळखले जातात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला.

माझी सर्वांत आवडती वाट नुई-सँ-जॉर्ज ते वूझो ही. अंतर अवघे पाच-सहा किलोमीटर, आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक. मध्ये व्होन-रोमाने हे लहानसे गाव लागते. त्याच्या वरच्या अंगाला रोमाने-कोंती नावाचा १.८ हेक्टरचा मळा आहे. आपल्या हिशेबाने साडेचार एकरांहूनही किंचित कमी. जगातील अत्यंत महागड्या शेतजमिनींत त्याची गणना होते. मी तेथे थांबलो आणि जुन्या सवयीने कुंपण शोधू लागलो. तारा नाहीत, फाटक नाही, पहारेकरी नाही. एक बुटकी दगडी भिंत, एक दगडी क्रूस आणि रस्त्यावरूनच पाहावे अशी विनंती करणारी पाटी. शेजारून सार्वजनिक वाट जाते. माझ्यासारखा परका, घामाघूम माणूस तेथून गेला तरी कोणास हरकत नव्हती.

पुढे वूझोचा तटबंद मळा येतो. बाराव्या शतकात सिस्टर्शियन भिक्षूंनी तो लावण्यास आरंभ केला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो सरकारजमा होऊन विकला गेला आणि १८८९ मध्ये १५ जणांनी तो वाटून घेतला. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेपासून सर्व अपत्यांना वारसाहक्क मिळतो. त्यामुळे वाटण्यांवर वाटण्या होत आज सुमारे ५० हेक्टरांच्या या एका मळ्याचे जवळजवळ ८० मालक आहेत. कोणाच्या वाट्याला काही रांगाच. तरीही बाहेरची भिंत एक, आणि आतील वाटा सर्वांच्या वापराच्या.

कन्या त्या दिवशी माझ्यासोबत धावत होती. मी तिला हे आकडे उत्साहाने सांगत होतो. ती जरा वेळाने म्हणाली, “पप्पा, आपली बोळ किती फुटांची हो?”

मी उत्तर दिले नाही. चढ होता, दम लागला होता, असे मी मनाशी म्हटले.

ती बोळ चार फुटांची आहे. वडिलांच्या पश्चात आडतीच्या गोदामाची वाटणी झाली तेव्हा दादांचा भाग मागे व माझा रस्त्याकडे आला. मधली बोळ नकाशाप्रमाणे माझ्या हिश्श्यात होती. २०१४ मध्ये एका किरकोळ बोलाचालीनंतर मी तिला फाटक बसविले आणि कुलूप लावले. कागद माझ्या बाजूने होता, आणि कागदावर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो. दादा तेव्हापासून बाजारपेठेला वळसा घालून घरी जातात. आज त्यांचे वय ७४ आहे. आमचे बोलणे लग्नकार्यापुरतेच उरले होते.

वाटांविषयी उपयुक्त अशा काही सूचना देतो. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. म्हणून गावाबाहेरील रस्त्यावर डाव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. वेलींच्या रांगांत शिरू नये. रांग ही खाजगी, वाट सार्वजनिक. वेलींच्या डोक्यावरून चालणारे उंच पायांचे ट्रॅक्टर दिसले की कडेला उभे राहावे. मे-जूनमध्ये औषधफवारणी चालू असते. ती संपेपर्यंत थांबावे. आपल्या बागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण हे नाव याच देशातून आले आहे. झाडांवर वा दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या दिसल्या तर तो दूर पल्ल्याचा पदयात्रामार्ग समजावा. त्याच रंगांची फुली असेल तर ती वाट आपली नव्हे. झेव्रे-शांबर्तां गावामागील कोंब लाव्हो ही खडकाळ घळ रमणीय आहे, परंतु गुडघे भक्कम असतील त्यांनीच तिकडे जावे. शरद ऋतूत माथ्यावरील रानात शिकारी फिरतात, तेव्हा वर न जाणे बरे. द्राक्षतोडणीच्या दिवसांत वाटा मजुरांनी व गाड्यांनी गजबजलेल्या असतात. बोन येथे १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा उपलब्ध आहेत आणि १९८८ नंतर ही तोडणी सरासरी १३ दिवस लवकर होऊ लागली आहे. म्हणून सप्टेंबरचा बेत आखताना आधी चौकशी करावी. भेटेल त्याला ‘बोंझूर’ म्हणावे. न म्हणणे तेथे उद्धटपणाचे मानतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांना जूनमध्ये अडचण नाही, कारण सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो.

जुलैमध्ये आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे धावण्याचे बूट चढविले आणि प्रथम बोळीचे कुलूप काढले. ते गंजले होते, तेल सोडावे लागले. मोजणीचा वाद अद्याप मिटलेला नाही. तो कागदावर जसा आहे तसा आहे, आणि मिटेल तेव्हा मिटेल. फाटक मात्र उघडे राहिले.

चौथ्या दिवशी दादा दुधाची पिशवी घेऊन त्या बोळीतून येताना समोर आले. दोघेही थबकलो. वाट चार फुटांची. एकाने अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

“एवढ्या सकाळी कुठे निघालास?” त्यांनी विचारले.

“धावायला, दादा.”

ते दोन पावले पुढे गेले, मग वळून म्हणाले, “सावकाश जा. पावसाने शेवाळ धरले आहे.”