राखणीचे कुत्रे : पिल्लाचे पहिले वर्ष

शेतवस्तीवर कुत्रे पाळण्याची आपल्याकडील पद्धत फार जुनी आहे. गोठ्यातील जनावरे, शेळ्या-कोंबड्या, विहिरीवरील मोटार व केबल, खळ्यावरचा माल या सर्वांची राखण कुत्र्यावर सोपवून आपण रात्री निश्चिंत झोपतो. परंतु गाय किंवा शेळी घेताना जेवढा विचार केला जातो, तेवढा कुत्र्याचे पिल्लू आणताना केला जात नाही. कुणीतरी दिले म्हणून पिल्लू आणले जाते, चार महिन्यांचे झाले की गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधले जाते आणि 'कडक' व्हावे म्हणून मुद्दाम डिवचले जाते. असे कुत्रे वर्ष-दीड वर्षात खरोखरच चावू लागते. मात्र ते चोराला चावण्याऐवजी वस्तीवर येणाऱ्या मजुराला, दूधवाल्याला किंवा घरच्याच लहान मुलाला चावते.

हे टाळावयाचे असेल तर पहिल्या वर्षात काय करावे व काय करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

राखण म्हणजे चावणे नव्हे

कुत्र्याला राखण शिकविण्याचे पद्धतशीर शास्त्र जर्मनीत तयार झाले. तेथे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांपासून जर्मन शेफर्ड ही जात विकसित करण्यात आली व १८९९ मध्ये मॅक्स फॉन स्टेफानित्झ यांच्या पुढाकाराने या जातीची संस्था स्थापन झाली. पैदाशीसाठी योग्य कुत्री निवडता यावीत म्हणून पुढे 'शुत्सहुंड' नावाची चाचणी सुरू झाली. या शब्दाचा अर्थच 'राखणीचा कुत्रा' असा आहे. आज हा खेळ 'आय.जी.पी.' या नावाने अनेक देशांत खेळला जातो. त्याचे तीन भाग असतात : वासावरून माग काढणे, आज्ञापालन आणि राखण.

या खेळाचे नियम आपण समजून घेण्यासारखे आहेत. राखणीच्या परीक्षेला बसण्यापूर्वी कुत्र्याला आज्ञापालनाची व शांत स्वभावाची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ती १५ महिन्यांच्या आत देता येत नाही. राखणीची पहिली परीक्षा १८ महिन्यांनंतरच देता येते. लपून बसलेला माणूस सापडला आणि तो स्थिर उभा असेल, तर कुत्र्याने त्याला चावावयाचे नसते. समोर उभे राहून फक्त भुंकावयाचे असते. तागाची जाड बाही पकडलेल्या कुत्र्याने मालकाच्या आज्ञेनंतरही ती सोडली नाही, तर ते परीक्षेतून बाद होते.

म्हणजे चावण्याचा खेळ खेळणारे लोकसुद्धा अगोदर आज्ञा, मग भुंकणे आणि सर्वात शेवटी पकड असाच क्रम ठेवतात. शेतकऱ्याला तर यातील पकडीची गरजच नाही. अनोळखी हालचाल दिसताच भुंकणारे, जागचे न पळणारे आणि 'पुरे' म्हणताच गप्प होणारे कुत्रे वस्तीला पुरेसे आहे.

पिल्लाची निवड

१. पिल्लू ७ ते ८ आठवड्यांचे झाल्यावरच आईपासून वेगळे करावे. त्यापूर्वी वेगळे केलेल्या पिल्लाला भावंडांशी खेळताना दातांचा जोर आवरण्याची सवय लागत नाही.

२. शक्य असल्यास आई व बाप दोघेही पाहावेत. निदान आई तरी अवश्य पाहावी. मालक सोबत असतानाही पाहुण्यांपासून लपणारी किंवा कारण नसताना अंगावर येणारी आई असेल, तर तिचे पिल्लू घेऊ नये.

३. पिल्लांपासून थोड्या अंतरावर जमिनीवर ताटली पाडून पाहावी. दचकून मागे सरकणारे, पण थोड्या वेळाने पुढे येऊन ताटली हुंगणारे पिल्लू चांगले. कोपऱ्यात दडून बाहेरच न येणारे पिल्लू राखणीस घेऊ नये. भित्रे कुत्रेच मोठेपणी भीतीपोटी चावते.

४. गावठी पिल्लू आपल्या हवामानास काटक असते व राखणीस उत्तम ठरते. मुधोळ किंवा कारवानी कुत्री मूळची शिकारीची असून नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारी आहेत. त्यांना पळावयास मोकळी जागा हवी. दाट केसांच्या थंड प्रदेशातील जाती आपल्या उन्हाळ्यात हाल सोसतात. नराइतकीच मादीही चांगली राखण करते.

पहिले चार महिने : ओळख

पिल्लाच्या स्वभावाचा पाया वयाच्या ३ ते १४ आठवड्यांत घातला जातो. या काळात जे भीतीशिवाय पाहिले, ऐकले व हुंगले, ते त्याला पुढे नेहमीचे वाटते. जे पाहिलेच नाही, त्याची मोठेपणी भीती वाटते. म्हणून या काळात ट्रॅक्टर, मोटारीचा आवाज, बैल, शेळ्या, कोंबड्या, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकणारे म्हातारे, सायकलवरील मुले हे सर्व पिल्लाला दुरून व हळूहळू दाखवावे. ते बुजले तर बळेच पुढे ओढू नये. अंतर वाढवावे, भाकरीचा तुकडा द्यावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवावे.

'माणसांची ओळख करून दिली तर कुत्रे राखण करणार नाही' असा समज आहे. तो चुकीचा आहे. नेहमीचे काय ते माहीत असलेले कुत्रेच वेगळे काय ते ओळखू शकते. प्रत्येक माणसावर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे काही दिवसांनी मालकही लक्ष देत नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गावातील मोकाट कुत्र्यांत किंवा बाजारात जमिनीवर सोडू नये, उचलून न्यावे.

लसीकरण व जंतनाशक

पार्व्हो व डिस्टेंपर हे पिल्लांचे घातक रोग आहेत. त्यांची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात द्यावी. त्यानंतर ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांच्या वयापर्यंत पुढील मात्रा द्याव्यात. रेबीजची लस ३ महिन्यांच्या वयात देऊन पुढील मात्रा व दरवर्षीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने न चुकता द्यावी. जंतनाशक ३ महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, ६ महिन्यांपर्यंत दरमहा व नंतर दर ३ महिन्यांनी पाजावे. पिल्लाला रक्तमिश्रित हगवण व उलट्या सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

बारदानाचा खेळ

राखणीच्या खेळात पिल्लाची सुरुवात चिंधीच्या खेळाने करतात. त्यातून पिल्लाची हिंमत वाढते आणि ते मालकाशी जोडले जाते. शिवाय तोंडात धरावयाची वस्तू कोणती व धरू नये ती कोणती, हेही त्याला कळते. घरी हा खेळ पुढीलप्रमाणे घ्यावा.

स्वच्छ बारदानाचा हातभर लांबीचा तुकडा ४-५ फूट दोरीला बांधावा. तो जमिनीवरून पिल्लापासून दूर, पळणाऱ्या उंदरासारखा ओढावा. पिल्लाच्या तोंडावर कधीही नेऊ नये. पिल्लाने पकडला की हलका ताण देऊन सोडून द्यावा आणि त्याला तो मिरवू द्यावा. प्रत्येक वेळी पिल्लूच जिंकले पाहिजे. खेळ २-३ मिनिटांचाच ठेवावा व पिल्लाची हौस शिल्लक असतानाच थांबवावा.

सोडण्याची आज्ञा याच खेळात शिकवावी. दुसऱ्या हातात भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकाजवळ धरून 'सोड' म्हणावे. बारदान सोडताच तुकडा द्यावा आणि लगेच बारदानही परत खेळावयास द्यावे. सोडल्याने खेळ संपत नाही हे पिल्लाला कळले की ते आनंदाने सोडते. तोंडातून हिसकावून घेतल्यास ते अधिकच घट्ट धरावयास शिकते.

सुमारे ४ ते ६ महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडून कायमचे दात येतात. हिरड्या दुखत असल्याने या काळात ओढाओढ पूर्ण बंद ठेवावी. एकदा वेदना झाली की पिल्लू खेळाला कायमचे बिचकते. दात नीट आल्यावर, साधारण ७ व्या महिन्यानंतर, खेळ पुन्हा सुरू करावा. हात, धोतर, पदर किंवा मुलांचे कपडे यांच्याशी पिल्लाला कधीही खेळू देऊ नये. हा खेळ मोठ्या माणसानेच घ्यावा.

पाच आज्ञा

'ये', 'बस', 'थांब', 'सोड' व 'पुरे' या पाच आज्ञा वर्षभरात पक्क्या कराव्यात. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. एकाने 'बस' व दुसऱ्याने 'खाली बस' म्हटल्यास पिल्लू गोंधळते. उन्हाळ्यात शिकवणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर घ्यावी. दिवसातून दोन-तीन वेळा ५ मिनिटे पुरेशी होतात. बोलाविल्यावर उशिरा आलेल्या पिल्लाला मारू नये. मार मिळाला तर पुढच्या वेळी ते येणारच नाही. दीड वर्षापर्यंत हाडांची वाढ चालू असते, म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला उंचावरून उड्या मारावयास लावू नये.

भुंकणे व गप्प होणे

साधारण ६ व्या महिन्याच्या पुढेमागे पिल्लू अनोळखी माणसाकडे पाहून प्रथम भुंकते. त्या वेळी 'शाब्बास' म्हणावे, स्वतः जाऊन पाहावे आणि मग शांतपणे 'पुरे' म्हणावे. गप्प होताच तुकडा द्यावा. आलेला माणूस ओळखीचा असल्यास पिल्लाला बसवून त्याला आत घ्यावे. यातून माणसाला आत घ्यावयाचे की नाही हे मालक ठरवितो, एवढे पिल्लाला समजते.

वयात येताना काही दिवस पिल्लू ओळखीच्या वस्तूंनाही बुजते. या काळात दमदाटी करू नये. अनोळखी माणसाकडून काठी उगारवून पिल्लाला 'गरम' करण्याचा प्रकार तर कोणत्याही वयात करू नये. त्यातून धीट कुत्रे तयार होत नाही. माणसाचा हात उचललेला पाहताच चावणारे कुत्रे तयार होते. मुले हात उचलूनच खेळतात, हे विसरू नये.

साखळी व रात्रीची व्यवस्था

दिवसभर आखूड साखळीला बांधलेले कुत्रे चिडखोर होते. कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. जाळीचे कुंपण असलेली, सावली व पाणी असलेली जागा करावी आणि रोज दोन वेळा फिरवून आणावे.

जुन्नर, अकोले यांसारख्या उसाच्या भागांत बिबट्या कुत्र्यांची शिकार करतो. उघड्यावर बांधलेले कुत्रे त्याला आयतेच सापडते. कुत्रे बिबट्याशी लढण्यासाठी नसून आपल्याला जागे करण्यासाठी आहे. म्हणून अशा भागात रात्री ते चारी बाजूंनी व वरूनही जाळी असलेल्या बंदिस्त जागेत ठेवावे. तेथूनही ते भुंकून सूचना देते.

खुराक व शेतातील धोके

नुसत्या भाकरी-दुधावर पिल्लाची वाढ होत नाही. अंडी व शिजवलेले मांस द्यावे. ६ महिन्यांपर्यंत दिवसातून ३ वेळा व पुढे २ वेळा खाऊ घालावे. पुढील गोष्टी टाळाव्यात.

- शेळ्या-मेंढ्यांची कच्ची फुप्फुसे व यकृत. यातून कुत्र्याला पट्टकृमी होतात व त्यांच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.
- कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे. हे कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षबागायतदारांनी बेदाण्याच्या शेडपासून पिल्लू दूर ठेवावे.
- शिजवलेली हाडे. त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात.
- उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष व कीटकनाशकांची रिकामी भांडी.

कुत्रे चावल्यास

लस टोचलेले घरचे कुत्रे चावले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे रेबीजची पूर्ण लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस हाच उपाय आहे. पाळलेल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

- २ ते ४ महिने : माणसे, जनावरे व आवाज यांची ओळख, बारदानाचा खेळ, लसी.
- ४ ते ६ महिने : ओढाओढ बंद, 'ये', 'बस', 'थांब' पक्के करणे.
- ७ ते ९ महिने : खेळ पुन्हा सुरू, 'सोड' पक्के, भुंकल्यावर 'पुरे'.
- १० ते १२ महिने : सर्व आज्ञा शेतात, मजूर काम करीत असताना व संध्याकाळच्या वेळी घेणे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यापुढे जाऊन कुणाला राखणीच्या खेळात उतरावयाचे असल्यास अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच उतरावे. स्वतःच्या मनाने कुत्र्याला चावावयास शिकवू नये. वर्षभर रोज १५ मिनिटे खर्च केल्यास पुढील दहा-बारा वर्षे वस्तीची राखण करणारे, आणि तरीही अंगणात मुलांबरोबर निर्धास्त सोडता येणारे कुत्रे आपल्याला मिळेल. मूल अगदी लहान असल्यास मात्र जवळ मोठे माणूस असावेच.