दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय? नावावर होईपर्यंतचा खर्च आधी मोजा

ओवे (ता. पनवेल) : मोबाईलवर दिल्ली पासिंगच्या गाडीचा फोटो येतो. किंमत पनवेलच्या बाजारापेक्षा बरीच कमी. गाडी चकाचक. एजंट म्हणतो, ‘पैसे पाठवा, कागद मागून येतात.’ माणूस अडकतो तो इथेच.

दिल्लीत भाव पडायला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. वय भरत आलेली गाडी मालक मिळेल त्या भावात काढतो. म्हणजे गाडी खराबच असते असं नाही. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांचीच असते. ११ वर्षांची गाडी घेतली तर चार वर्षांत नूतनीकरणासाठी पुन्हा आरटीओत जावं लागणार.

नव्या गाडीचा हिशोब वेगळा. २०१७ च्या आधी राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा होता, म्हणून काही जण शेजारच्या राज्यात जाऊन गाडी घ्यायचे. आता जीएसटी देशभर एकच आहे. तो कमी पडेल म्हणून गोवा किंवा दमणला जायला नको. रोड टॅक्स मात्र गाडी राहते तिथला. ओव्यात राहणाऱ्याला तो महाराष्ट्राचाच भरावा लागतो. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. ९ लाखांच्या पेट्रोल कारचे ९९ हजार होतात. गोव्यातला भाड्याचा पत्ता दाखवून तिथलं पासिंग करणं ही चलाखी नाही, खोटी माहिती देणं आहे.

परराज्यातल्या जुन्या गाडीलाही हा टॅक्स नव्याने लागतो. तो मूळ किमतीवर धरतात, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो. जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. तो पैसा विकणाऱ्याने घ्यायचा की आपण, हे सौद्यातच कागदावर लिहून घ्यावं.

पहिला कागद एनओसी. ती गाडी जिथे नोंदलेली आहे तिथलं आरटीओ देतं, अर्ज फॉर्म २८. कर्जाचा बोजा असेल तर आधी तो उतरवायचा. विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की बोजा, विमा, मुदत लगेच दिसते. एवढं तरी घरबसल्या करा.

‘बारा महिने काही करावं लागत नाही’ हे अर्धंच खरं. ती मुदत स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात आलेल्याला नवा नंबर घेण्यासाठी आहे. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करायचा असतो. त्यानंतर पनवेल आरटीओकडून एमएच ४६ नंबर मिळतो.

तोवर आरसीवर जुन्या मालकाचं नाव. अपघात झाला तर भरपाईसाठी त्यालाच धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपलीही गोची होते. विमा नावावर केला नसेल तर समोरच्याची भरपाई विमा कंपनी देते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारते. म्हणून खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं.