चाकाची निवड : आकार आणि वजन

म्हैसूर शहराला लागून असलेल्या मेटगळ्ळी या औद्योगिक वसाहतीत विक्रांत टायर्सचा कारखाना उभा राहिला. १९९७ साली तो जे. के. समूहाकडे आला. अशा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टायरच्या कडेवर काही आकडे उठावात छापलेले असतात. वेगवान मोटारीसाठी नवी चाके निवडणाऱ्याने ते प्रथम वाचावयास शिकले पाहिजे.

समजा, टायरवर २०५/५५ आर १६ असे लिहिले आहे. २०५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, अर्थात सुमारे ११३ मिलिमीटर. ‘आर’ हे रेडियल रचनेचे चिन्ह असून १६ हा रिमचा इंचांतील व्यास आहे. यावरून संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो.

आता १७ इंची रिम बसवावयाची झाल्यास २२५/४५ आर १७ हा टायर घेता येतो. त्याचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच आहे. याउलट, २०५/५५ आर १७ घेतल्यास व्यास चार टक्क्यांनी वाढतो. मग वेगमापक ताशी १०० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे १०४ च्या वेगाने धावत असते. म्हणून रिम मोठी केली, की टायरची कड त्या प्रमाणात कमी करावी लागते.

कड कमी झाल्याने वळणावर गाडी अधिक स्थिर वाटते. परंतु खड्ड्याचा आघात शोषून घेणारी हवेची गादीही पातळ होते. परिणामी रिम वाकण्याची वा तडकण्याची भीती वाढते.

वजनाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. चाकाचा भार स्प्रिंगांवर नसतो. जड चाक खाचखळग्यांतून लवकर सावरत नाही व क्षणभर रस्त्यावरील पकड गमावते. शिवाय चाक पुढे सरकते आणि फिरतेही. त्यामुळे त्याच्या परिघावरील एक किलो वजनाला गती देण्यास डिकीतील एक किलोच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. तेवढीच ऊर्जा ब्रेकला शोषावी लागते. मात्र हलकेपणाच्या मोहाने कमकुवत रिम घेणे घातक होय. रिम व टायर यांची भारक्षमता मूळ चाकांपेक्षा कमी नसावी. टायरवरील ९१ हा भारांक ६१५ किलोग्रॅम दर्शवितो. बोल्टची छिद्रे, मधले भोक आणि रिमचे आत-बाहेर बसणेही गाडीशी जुळले पाहिजे.

दुकानातील झगमगाट पाहून चाक निवडू नये. चार तळहातांएवढी जागाच काय ती रस्त्याला टेकलेली असते आणि गाडीतील सर्वांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात.