जेन ऑस्टिनचा उपरोध

जेन ऑस्टिनच्या चटकदार वाक्यांची वेचणी पुष्कळ होते. परंतु तिचा खरा उपरोध सुट्या वाक्यांत नसून प्रसंगाच्या उतरणीत आहे, असे आम्हांस वाटते. १८११ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चे दुसरे प्रकरण पाहावे. मरणोन्मुख पित्यास दिलेल्या वचनास स्मरून जॉन डॅशवुड तिघी सावत्र बहिणींना प्रत्येकी हजार पौंड देण्याचे योजतो. पत्नी फॅनी एकुलत्या मुलाचे हित पुढे करते. रक्कम निम्मी होते. मग सावत्र आईस वर्षासन लावून देण्याचा विचार निघतो. पण वर्षासन लागले की माणसे मरता मरत नाहीत, हा फॅनीच्या माहेरचा अनुभव! उरतात ते अधूनमधून द्यायचे पन्नास पौंड. तेही जातात, आणि घर शोधून देणे, सामान हलविणे, हंगामात मासळी व शिकार पाठविणे एवढ्यावर वचन फिटते. कठोर शब्द कोणी उच्चारीत नाही. प्रत्येक पायरी समंजसपणाचीच. जॉनला पत्नीच्या मुखातून स्वतःचेच मन ऐकू येते. चौघी मिळून वर्षाला पाचशे पौंड खर्चणार तरी कशावर, असा फॅनीला प्रश्न पडतो. आणि सासऱ्याची उत्तरक्रिया उरकताच त्या घराचा ताबा घ्यायला आलेली हीच बाई!