स्वारगेटचे जुने मैदान

पुण्यास गेलो की क्रिकेटप्रेमी या नात्याने माझी पावले स्वारगेटनजीकच्या नेहरू स्टेडियमकडे वळतात. हे मैदान आता जुने झाले. २०१२ पासून पुण्यातील आंतरराष्ट्रीय सामने गहुंजेच्या नव्या मैदानावर होतात. तथापि २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात येथेच नवख्या केनियाने १६६ धावा केल्या आणि लारा, रिचर्डसन असलेल्या वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळले. मॉरिस ओडुंबेने १५ धावांत तीन बळी घेतले.

बँकेच्या ताळेबंदात घसारा वजा जाता अशा वास्तूची किंमत नाममात्र उरते. परंतु बलाढ्य पेढीसमोर लहान दुकान मांडणाऱ्या तरुणास धीर देणारी ही हकीकत ज्या भूमीवर घडली, तिची निगा पुणेकरांनी राखली पाहिजे.