पोथीतली जागा, पडद्यावरची टाचणी

महानुभावांची ‘स्थानपोथी’ वर्गात काढली की एक प्रश्न हटकून येतो : “सर, हे नेमकं कुठं?” चक्रधरस्वामींच्या मुक्कामाच्या जागा पोथी सांगते खऱ्या, पण देवळाच्या अमुक दिशेला, नदीच्या तमुक काठाला, अशा खुणांनी. काही जागी आज ओटे आहेत. पुष्कळ खुणा मात्र काळाने पुसल्या. म्हणून आम्ही पोथीसाठी संकेतस्थळाचे एक पान केले आणि मजकुराशेजारी हलता नकाशा बसवला.

काम वाटते तेवढे अवघड नाही. २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ लोकांनीच मिळून रचलेला आहे. त्यांचे श्रेय दिले की तो वापरता येतो. २०११ साली आलेली ‘लीफलेट’ ही फुकट मिळणारी सामग्री तो पानावर आणते. मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि किती जवळून पाहायचे, एवढे तिला सांगायचे. अधिक-उण्याची बटणे ती आपणहून देते. आम्ही खाली अक्षांश आणि रेखांश अशा दोन चौकटी जोडल्या. आकडे घाला, नकाशा सरकतो; नकाशा सरकवा, आकडे बदलतात.

आता गंमत पाहा. पैठण सुमारे १९.४८ उत्तर, ७५.३८ पूर्व. लीफलेटला अक्षांश आधी लागतो. ‘जिओजेसन’ या साठवणीच्या पद्धतीत रेखांश आधी. आकड्यांची अदलाबदल झाली, की गोदाकाठचे पैठण थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेट आणि स्पिट्सबर्गन यांच्यामधल्या गारठलेल्या समुद्रात! तेव्हा चौकटींवर नावे ठसठशीत हवीत.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. अक्षांशात दशांशचिन्हापुढची दोन घरे सुमारे एक किलोमीटरपर्यंतचा फरक दाखवतात. पाच घरे एका मीटरपर्यंतचा. चौकट पाच घरे सहज दाखवते; पण जागा आपल्याला गावापुरतीच ठाऊक असेल, तर अशी टाचणी टोचणे म्हणजे वाचकाची फसवणूकच. उद्या कोणी तिथे नवा ओटा बांधील आणि पुढची पिढी तोच पुरावा मानील! म्हणून जुना ओटा असेल तिथे टाचणी, एरवी वर्तुळ. जेवढी शंका मोठी, तेवढी त्रिज्या मोठी. लीफलेटमध्ये त्रिज्या मीटरमध्येच सांगता येते.

“मग सगळी वर्तुळंच होतील की, सर!” एक विद्यार्थिनी म्हणाली.

होऊ देत. वर्तुळ लहान करायला कोणी तरी त्या गावी जाईल, म्हाताऱ्या माणसांना विचारील. टाचणी दिसली, तर कशाला जाईल?